रिकाम्या गॅलरीत फुटबॉल नको

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर चार वाजताची फुटबॉल मॅच मोठ्या दोन पेठांची असली की दुपारी दोनपासूनच शहर त्या दिशेनं सरकायला लागतं. मिरजकर तिकटीवरून, निवृत्ती चौकातून मोटारसायकली निघतात. मागं बसलेल्याच्या हातात झेंडा, पुढं टाकीवर पाच-सहा वर्षांचं पोरगं. दुकानदार शटर अर्धं ओढून शेजाऱ्याला "जरा बघ रे" म्हणून निघतो. गॅलरीच्या पायऱ्या उन्हानं तापलेल्या असतात, म्हणून वर्तमानपत्र अंथरून बसायचं. हलगी कडाडली की ते वर्तमानपत्र कुठं गेलं ते पुन्हा दिसत नाही, कारण त्यानंतर कुणी बसतच नाही.

पस्तीस वर्षं मी हे बघतोय. माझी पेठ कुठली, टीम कुठली, हे मुद्दाम सांगत नाही. सांगितलं तर निम्मे वाचक इथंच थांबतील आणि उरलेले केवळ आपला माणूस म्हणून मान डोलावतील. मला दोन्ही नकोय.

मॅच बिघडते, हे आता नवं राहिलेलं नाही. पाण्याच्या बाटल्या मैदानात येतात, दोन गॅलऱ्यांत शिव्यांची देवाणघेवाण होते, शेवटच्या शिट्टीनंतर गेटबाहेर दगड उडतात, लाठी चालते. दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर एकच सूर असतो, या दोन टीमच्या मॅच प्रेक्षकांविना खेळवा. काहीजण त्याच्याही पुढं जाऊन स्पर्धाच बंद करा म्हणतात. असं म्हणणारे काही फुटबॉलचे वैरी नाहीत. ज्याच्या दारात दगड पडला, ज्याच्या गाडीची काच गेली, त्यानं दुसरं म्हणावं तरी काय? तरीही गॅलरी रिकामी करणं हा उपाय मला साफ चुकीचा वाटतो.

कोल्हापूरच्या फुटबॉलचा जीव ईर्षेत आहे. बाहेरच्या माणसाला हा शब्द खटकतो, कारण पुस्तकात ईर्षा म्हणजे मत्सर. आपल्याकडं तसं नाही. "पोरगं ईर्षेनं खेळलं" हे आपण कौतुकानं म्हणतो. समोरच्यानं एक केलं तर मी दीड करून दाखवतो, ही आपली ईर्षा, आणि ती आली तालमीतून. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं, पेठेपेठेत तालमी घुमायला लागल्या. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही आज फुटबॉलच्या टीमची नावं आहेत, पण त्यांतला तालीम हा शब्द तांबड्या मातीतला आहे. इंग्लंडात कुठला क्लब कारखान्यातल्या कामगारांनी काढला, कुठला चर्चच्या मंडळींनी. आपले क्लब आखाड्याच्या दारातून बाहेर पडले. म्हणून गोल झाल्यावर आपल्याकडं शंख फुंकला नाही तरी चालेल, पण मांडीवर थाप पडतेच.

कुस्तीत या ईर्षेला एक रीत होती. जोड ठरायची, हात मिळायचे, एकमेकांच्या अंगाला माती लागायची, मग भिडायचं. पाठ टेकली की कुस्ती संपली. हरलेला पैलवान दुसऱ्या दिवशी पहाटे वीस जोर जास्त काढायचा. आमच्या गल्लीतली जुनी माणसं सांगतात, की हरलेल्या बाजूच्या एखाद्या पोरानं वाटेत वेडंवाकडं केलं, तर वस्ताद त्याला तालमीची पायरी चढू देत नसे. शिक्षा घरातून यायची, म्हणून ती झोंबायची.

खुन्नस ही वेगळी चीज आहे. ईर्षेला समोरचा तगडा लागतो, मॅच काट्याची व्हावी असं तिला वाटतं. खुन्नस धरणाऱ्याला मॅचशी देणंघेणंच नसतं. स्कोअर काय झाला हे त्याला गेटबाहेर विचारा, पुष्कळदा धड सांगता येत नाही.

एक प्रसंग सांगतो. आपल्या टीमनी परदेशी खेळाडू आणलेत, बरेचसे आफ्रिकेतले. एका मॅचला समोरच्या टीमचा असाच एक उंच स्ट्रायकर कॉर्नर घ्यायला आमच्या गॅलरीखाली आला. माझ्या मागच्या पायरीवरून माकडाचा आवाज निघाला. मग आणखी एक, मग दहा-पंधरा. त्यानं बॉल कोपऱ्यात ठेवला, परत उचलला, शॉर्टला पुसला, परत ठेवला. वर एकदाही बघितलं नाही. मी त्याच्यापासून वीस-पंचवीस फुटांवर होतो. मागं वळून "ए, गप्प बसा" एवढे तीन शब्द मला म्हणता आले असते. मी म्हटले नाहीत.

पुढच्या हंगामात तोच खेळाडू आमच्याकडं आला. एका सेमीफायनलला त्यानं शेवटच्या मिनिटाला गोल मारला आणि ज्या पोरांनी तो आवाज काढला होता, त्यांनीच त्याला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. तो हसत होता. त्याला आधीचं आठवत नसेल असं मला वाटत नाही. मला तर आजही आठवतं. माणूस तोच, कातडी तीच, बदलला होता फक्त अंगावरचा जर्सी. एका जर्सीनं जे पुसलं जातं त्याला निष्ठा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

माझी मुलगी फुटबॉल खेळते. लहानपणी ती माझ्या खांद्यावर बसून प्रत्येक मॅच बघायची, लायनमननं झेंडा वर केला की माझ्या आधी ओरडायची. आता कॉलेजात आहे, लेफ्ट बॅक खेळते, आणि शाहू स्टेडियमवर पाऊल ठेवत नाही. मागं एकदा मी आग्रह केला, तर म्हणाली, "बाबा, मॅच मला बघायचीय. पण एका पोराचा पास चुकला की त्याच्या आईचं नाव निघतं, ते ऐकत दीड तास तिथं मी कशी बसू?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिच्या टीममधल्या एकीच्याही घरातून मुलीला मोठ्या मॅचला पाठवत नाहीत. ज्या शहरात मुली बूट घालून पहाटे मैदानावर जातात, त्या शहराच्या गॅलरीत त्यांना जागा नाही. हे नुकसान दगडानं फुटलेल्या काचेसारखं दिसत नाही, म्हणून त्याची कुठं नोंद होत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं तूच सांगतोस, मग गॅलरी रिकामी झाली तर तुझं बिघडतं कुठं?

दुसऱ्यांनी हे करून बघितलंय. अर्जेंटिनात २०१३ साली एका मॅचच्या वेळी एका समर्थकाचा जीव गेला आणि बाहेरच्या टीमच्या समर्थकांना स्टेडियमबंदी झाली. पुढं नोव्हेंबर २०१८ मध्ये रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स या ब्यूनोस आयर्सच्या दोन वैऱ्यांमध्ये कोपा लिबर्टाडोरेसची फायनल आली. फायनल दोन मॅचची होती, त्यातल्या दुसऱ्या मॅचला स्टेडियममध्ये बोकाचा एकही समर्थक नव्हता. तरी बोकाची बस स्टेडियमकडं येताना रस्त्यात दगडांनी फोडली गेली, काचांनी खेळाडू जखमी झाले. शेवटी ती मॅच महासागरापलीकडं, स्पेनमध्ये माद्रिदला खेळवावी लागली. दक्षिण अमेरिकेचा सगळ्यात मोठा चषक त्या खंडात खेळवता आला नाही. भांडण स्टेडियममध्ये शिरू दिलं नाही, तर ते रस्त्यावर जाऊन उभं राहिलं.

इंडोनेशियाची गोष्ट याहून भीषण आहे. १ ऑक्टोबर २०२२ ला मलांग शहराजवळ कांजुरुहान स्टेडियमवर अरेमा आणि पर्सेबाया यांची मॅच होती. दोघांत पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर, म्हणून पर्सेबायाच्या समर्थकांना येऊच दिलं नव्हतं. स्टेडियम भरलं होतं ते एकाच बाजूच्या माणसांनी. अरेमा ३-२ नं हरली, काही समर्थक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोही माणसांनी भरलेल्या गॅलरीत. डोळे चोळत, खोकत लोक दारांकडं पळाले. दारं अरुंद होती, काही बंद होती. १३५ माणसं मेली, त्यांत लहान मुलं होती. समोरच्या टीमचा एक माणूस तिथं नव्हता. त्यांना मारलं ते धुरानं, चेंगराचेंगरीनं आणि न उघडलेल्या दारांनी.

हे वाचल्यापासून मी स्टेडियममध्ये गेलो की आधी दारं मोजतो. गर्दीच्या दिवशी कुठलं गेट उघडं, कुठल्याला साखळी, बाहेर पडायच्या वाटेवर किती मोटारसायकली आडव्या लावल्यात. पंधरा हजार माणसं एका शिट्टीला उठून चालायला लागली तर काय होईल, हा प्रश्न बंदोबस्ताच्या बैठकीत पहिला यायला हवा. आपल्याकडं पहिला प्रश्न असतो, कुठल्या पेठेची पोरं कुठं बसवायची.

प्रेक्षक म्हणजे संशयित, एवढंच डोक्यात धरून आखलेला बंदोबस्त प्रेक्षकाचा जीव वाचवू शकत नाही. इंग्लंडला हे शिकायला फार किंमत मोजावी लागली. १९८९ साली शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये जाळी आणि कठड्यांमध्ये चिरडून ९७ माणसं गेली, आणि दोष त्यांच्याच माथी मारला गेला. दारू पिऊन आले, दंगा केला, असं सांगितलं गेलं. समर्थकांची चूक नव्हती हे ज्युरीनं सांगायला २०१६ उजाडलं. सत्तावीस वर्षं आई-बाप मेलेल्या पोरांची अब्रू परत मागत फिरत होते.

मला कोल्हापूरसाठी जवळचा वाटतो तो कोलकात्याचा अनुभव. मोहन बागान आणि ईस्ट बंगालचं वैर आपल्या पेठांपेक्षा कितीतरी मोठं. ते वैर घरातल्या ताटापर्यंत गेलेलं, मोहन बागानवाल्याची कोळंबी आणि ईस्ट बंगालवाल्याचा हिलसा मासा. १६ ऑगस्ट १९८० ला ईडन गार्डन्सवर या दोघांच्या मॅचमध्ये दंगल झाली आणि १६ समर्थक गेले. कोलकात्यानं त्यानंतर हे वैर गुंडाळून ठेवलं नाही. १६ ऑगस्ट हा फुटबॉलप्रेमींचा दिवस ठरवला आणि त्या दिवशी लोक रक्तदान करतात. ऑगस्ट २०२४ मध्ये, आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरच्या हत्येनंतर शहर पेटलेलं असताना, बंदोबस्ताच्या कारणावरून या दोन टीमची ड्युरंड कपमधली मॅच रद्द झाली. त्या संध्याकाळी दोन्हीकडचे समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, सोबत मोहम्मेडन स्पोर्टिंगचेही आले. एका क्लबचा पोरगा दुसऱ्या क्लबच्या पोराच्या खांद्यावर बसून न्याय मागत होता. ज्या मॅचसाठी ते एकमेकांना शिव्या घालायला आले असते, ती मॅच नव्हती, आणि ते तरी आले. ईर्षा जपलेल्या शहरातच हे होऊ शकतं, कारण तिथं माणसं आधीपासून एकत्र येत असतात.

आपल्याकडं हे नाही असं थोडंच आहे? २०१९ च्या ऑगस्टात आणि परत २०२१ च्या जुलैत पंचगंगा शहरात शिरली तेव्हा छातीभर पाण्यात म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन कोण चाललं होतं? तालमीची, मंडळांची पोरं. आमच्या गल्लीतला जो पोरगा गॅलरीत सगळ्यात पुढं ओरडतो, तो तीन दिवस झोपला नव्हता. तेव्हाही ईर्षा होतीच. कुठल्या तालमीनं किती माणसं जेवू घातली याच्यावर वाद झालेले मी ऐकलेत, आणि ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

त्याच पोराचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. तो पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे रंकाळ्याला धावायचा, गोळाफेकीचा सराव करायचा. एका मॅचनंतरच्या गोंधळात त्याचं नाव गुन्ह्यात आलं. त्यानं दगड मारला की नाही मला माहीत नाही, मी तिथं नव्हतो. तो म्हणतो, मारला नाही. तारखा चालू आहेत, भरतीचं वय निघून चाललंय. चारित्र्य पडताळणीच्या कागदावर पेठेची ईर्षा असा रकाना नसतो. त्याची आई परवा मला म्हणाली, "दादा, टीमवाले कुणी घरी आले नाहीत बघा." टीमच्या विजयाच्या फलकावर तिच्या पोराचा फोटो होता, कोर्टाच्या तारखेला तो एकटाच जातो.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. समर्थक टीमला हवा असतो झेंड्यापुरता, आवाजापुरता, मिरवणुकीपुरता. तो कोण आहे, काय करतो, चुकला तर त्याला कोण अडवणार, अडकला तर कोण सोडवणार, याची जबाबदारी कुणाचीच नाही. म्हणून एकदा बिघडलं की आपल्या हातात दोनच गोष्टी उरतात, पोलिसांची लाठी नाहीतर टीमवर बंदी. बंदीनं शिक्षा होते ती वर्षभर पहाटे सराव करणाऱ्या अठरा-वीस खेळाडूंना. दगड मारणारा पुढच्या मॅचला दुसऱ्या झेंड्याखाली हजर असतो.

युरोपात २०१२-१३ च्या हंगामापासून मोठ्या क्लबना युरोपच्या स्पर्धांत खेळायचा परवाना हवा असेल तर समर्थकांशी बोलणारा एक माणूस नेमावाच लागतो. जर्मनीत फुटबॉलच्या शहरांत समाजकार्य शिकलेली माणसं तरुण समर्थकांबरोबर वर्षभर काम करतात, मॅचच्या दिवशी त्यांच्याबरोबर प्रवास करतात. ती पोलिसांची माणसं नसतात, त्यामुळं पोरं त्यांच्याशी बोलतात. आपल्याला त्यांच्यासारखा पैसा नाही, पण वस्ताद ही गोष्ट आपल्याकडं त्यांच्या आधीपासून आहे. ती फक्त गॅलरीत आणायची आहे.

प्रत्येक तालमीनं आपल्या गॅलरीसाठी दहा माणसं द्यावीत. पेठेत ज्यांचा शब्द चालतो अशी, त्यांत दोन-तीन बायका हव्यातच. ओळखपत्र घालून ती गॅलरीत उभी राहतील. शिवी सुरू झाली की ती थांबवतील, बाटली फेकणाऱ्याला हाताला धरून बाहेर काढतील, त्याचं नाव देतील, आणि त्या एका माणसाला हंगामभर स्टेडियमचं दार बंद राहील. टीमला हात लावायचा नाही. उलट निरपराध पोरगा अडकला तर हीच दहा माणसं ठाण्यात जाऊन साक्ष देतील. मॅचच्या आदल्या दिवशी दोन्हीकडची मिळून वीस माणसं के. एस. ए. (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) आणि पोलिसांबरोबर बसतील आणि कुठलं गेट किती वाजता उघडायचं, कोण आधी बाहेर पडणार, मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाणार हे ठरवतील.

कुणी म्हणेल, पेठेतला माणूस पेठेच्या पोराचं नाव देणार नाही. पहिल्या वर्षी देणारही नाही कदाचित. पण पोलिसानं धरणं आणि आपल्याच गल्लीतल्या काकानं सगळ्यांसमोर "चल, ऊठ" म्हणणं, यातलं कुठलं जास्त लागतं हे आपल्याकडच्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे. ईर्षेतूनच खुन्नस उगवते, हा आक्षेप मात्र मी झटकून टाकत नाही. उगवते. दूध ठेवलं की ते नासण्याची भीती असतेच, म्हणून कुणी म्हैस विकत नाही.

आणि एक विनंती चषकांना नाव देणाऱ्या पुढाऱ्यांना, पक्ष कुठलाही असो. बक्षिसाची रक्कम दरवर्षी वाढवता, मैदानभर फलक लावता, चांगली गोष्ट आहे. त्यातला थोडा पैसा गॅलरीकडं वळवा. मुलींसाठी एक स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह, मोठी दारं, पिण्याचं पाणी, आणि आठवड्यातून एक दिवस मुलींची मॅच त्याच मैदानावर, त्याच गर्दीसमोर. चषक घेताना फोटो निघतो तसा त्या दाराच्या उद्घाटनाचाही काढा, माझी हरकत नाही. अनिकेत जाधवसारखा आपला पोरगा २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून उतरला तेव्हा अख्खं शहर टीव्हीसमोर बसलं होतं. त्याच्यानंतरचा, किंवा त्याच्यानंतरची, या गर्दीच्या आवाजातच तयार होणार आहे. बंद दारामागं खेळलेल्या मॅचमधून फक्त निकाल मिळतो.

हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंच्या नोंदणीला प्रत्येक टीम आपली यादी घेऊन जाते. येत्या नोंदणीला त्या यादीला दुसरा कागद जोडला जावा, गॅलरीतल्या दहा नावांचा. आमच्या तालमीत मी परवाच जाऊन सांगून आलोय, त्यात माझं नाव घाला. मुलीनंही तिचं नाव दिलंय, एका अटीवर, की मी तिच्या मागच्या पायरीवर उभा राहीन आणि यावेळी गप्प बसणार नाही.